गावच्या अग्निशमन केंद्राचा आराखडा घड्याळ आणि पाणी धरून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या मोठ्या गावांतून आणि नगरपंचायतींतून स्वतंत्र अग्निशमन केंद्राची मागणी होत असते. मागणी रास्तच आहे. राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण करण्यासाठी केंद्र सरकारने 2023 मध्ये 5,000 कोटी रुपयांची योजना जाहीर केली. निधीची वाट अशी मोकळी झाली की जागेचा ठराव होतो, नकाशा निघतो, भूमिपूजन होते. आराखड्यावर बोलायचे तर ते त्याआधी बोलले पाहिजे. स्लॅब पडल्यावर दार रुंद करता येत नाही आणि फरशी झाल्यावर पाण्याचा जाड नळ आत घेता येत नाही. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहोत.

आमचे म्हणणे एकच आहे. फोन वाजल्यापासून आगीवर पाणी पडेपर्यंत किती मिनिटे जातात आणि ते पाणी किती वेळ टिकते, या दोन प्रश्नांवर गावच्या केंद्राचा प्रत्येक निर्णय तपासून घ्यावा. कमान, काचेचा दर्शनी भाग आणि सभागृह या गोष्टी त्यात कुठेच बसत नाहीत.

आधी अंतराचे बघू. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषानुसार ग्रामीण भागात 50 चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे आणि बंब 20 मिनिटांत पोचावा. सांगली जिल्ह्याचे क्षेत्रफळ 8,572 चौरस किलोमीटर आहे, साताऱ्याचे सुमारे 10,480. त्या हिशेबाने सांगलीला 171 आणि साताऱ्याला जवळपास 210 केंद्रे लागतील. इतकी केंद्रे लवकर होणार नाहीत हे उघड आहे. म्हणून जी होतील ती कुठे होतात याला फार महत्त्व आहे. 20 मिनिटांतली दोन मिनिटे फोन घेऊन ठिकाण समजून घेण्यात जातात आणि दोन मिनिटे बंब बाहेर पडण्यात. उरलेल्या 16 मिनिटांत ताशी 40 किलोमीटरने साडेदहा किलोमीटर जाता येते. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, तेव्हा हाच वेग 30 वर येतो आणि पल्ला आठ किलोमीटरचा होतो. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या उमदी-संखसारख्या गावांना तालुक्याच्या ठिकाणाहून बंब यायचा म्हटले तर वैरणीची गंज, गोठा, छप्पर यांतले काही वाचण्याची आशा धरता येत नाही. अशा ठिकाणी दोन गाड्यांचे साधे केंद्रसुद्धा तालुक्याच्या गावातल्या मोठ्या केंद्राइतकेच गरजेचे आहे.

जागा निवडताना ग्रामपंचायतीची रिकामी पडलेली जागा हा निकष नको. गेल्या पाच वर्षांतल्या आगींचे पंचनामे तलाठ्यांच्या दप्तरात सापडतात. त्यांतली ठिकाणे तालुक्याच्या नकाशावर टिंबांनी मांडावीत आणि पाण्याने भरलेला ट्रक किंवा टँकर घेऊन मनात असलेल्या जागेपासून तिथपर्यंत प्रत्यक्ष जाऊन बघावे. हे तीनदा करावे: एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी, एकदा हंगामात संध्याकाळी आणि एकदा भर पावसात. गावठाणातली चौकातली जागा बहुतेक वेळा इथेच बाद होते. बाजार, यात्रा, मिरवणूक, लग्नाची वरात यांपैकी काहीही असले तरी बंब दारातच अडकतो. गावाबाहेर फाट्याजवळ, दोन वेगवेगळ्या रस्त्यांना लागता येईल आणि मध्ये रेल्वे फाटक येणार नाही अशी जागा उत्तम. वाटेतल्या ओढ्यांवरचे साकव आणि मोऱ्या 16 टनांचे वाहन पेलतात का, हेही आधीच पाहून घ्यावे.

कृष्णा-वारणाकाठच्या गावांना आणखी एक अट आहे. जागा पूररेषेच्या वर हवीच, पण जागेपासून निघणारा निदान एक रस्ताही पूररेषेच्या वर हवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले. त्या पाण्यात कोरड्या राहिलेल्या टेकाडावर केंद्र बांधले आणि चारही बाजूंचे रस्ते बुडाले, तर ते केंद्रच बेट होऊन बसते. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांसाठी हेच केंद्र पूरबचावाचेही केंद्र असेल हे धरूनच आराखडा करावा. 8 ऑगस्ट 2019 रोजी ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. बोट, तिचे इंजिन, दोर आणि मोजून ठेवलेली जीवनरक्षक जॅकेटे यांना हक्काची, कोरडी जागा हवी. बंबामागच्या अडगळीत टाकलेल्या जॅकेटांचे पट्टे उंदीर कुरतडतात आणि ते कळते थेट जुलै-ऑगस्टमध्ये.

आता गाडीखान्याकडे येऊ. 4,500 लिटरचा बंब साधारण आठ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि तीन मीटरहून थोडा उंच असतो. त्याला आतून 12 मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद खण लागतो. कारण गाडीची सगळी दारे उघडून तिच्याभोवती दोन माणसांना एकाच वेळी काम करता आले पाहिजे. दार चार मीटर रुंद आणि सव्वाचार मीटर उंच ठेवावे. साडेतीन मीटरच्या दारातूनही बंब जातो, पण तो दिवसा आणि सावकाश. रात्री घाईत आरसा फुटतो, शिडी घासते. खण दोन करावेत, एक मोठ्या बंबासाठी आणि एक दीड-दोन हजार लिटरच्या लहान जलद गाडीसाठी. पाणंदीतून, उसाच्या दोन फडांमधून, वस्तीवरच्या बोळातून लहान गाडीच जाते. जागा परवडली तर खणाला मागेही दार द्यावे, म्हणजे गाडी मागून येऊन पुढून निघते आणि उलटी घ्यावी लागत नाही.

दाराच्या बाबतीत आमचे मत ठाम आहे. विजेवर चालणारे शटर एकटे नको. वीज गेली की साखळी ओढत बसावे लागते, आणि भूकंपात चौकट तसूभर वाकली तरी शटर अडकते. शटर अर्धवट वर असताना गाडी पुढे घेतली गेली तर गाडीही जाते आणि दारही. चार पाखांचे, दोन्ही बाजूंना घडी होणारे लोखंडी दार बरे. एका माणसाच्या जोराने ते उघडते आणि उघडे आहे की बंद हे चालकाला बसल्या जागेवरून दिसते. दारापासून रस्त्याच्या कडेपर्यंत निदान 12 मीटर मोकळे अंगण सोडावे, म्हणजे बंब पूर्ण बाहेर येऊन, रस्ता पाहून मगच रस्त्यावर जाईल. या अंगणात दुचाक्या लागतात, कुणी हळद-ज्वारी वाळत घालते. म्हणून लोकांच्या वाहनांची जागा पहिल्या नकाशातच वेगळी दाखवावी.

जमिनीखाली काय आहे यावर इथे बरेच काही ठरते. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट फरशी केली तर दोन-तीन वर्षांत फरशी उचलते, दाराचा रूळ वाकडा होतो आणि दार अडू लागते. काळी माती निदान मीटर-सव्वा मीटर उकरून काढावी, मुरूम 20-20 सेंटिमीटरच्या थरांनी पाणी मारून रोलरने दाबावा आणि खांबांचे पाये कठीण मुरमापर्यंत न्यावेत. गाडीखान्याची फरशी 20 सेंटिमीटर जाडीच्या सळईयुक्त काँक्रीटची असावी, भिंतींपासून सांध्याने वेगळी आणि दाराकडे 100 ला 1 उताराची. फरशी गुळगुळीत नको. ओल्या बुटांनी धावायचे असते.

कोयना खोरे आणि त्याच्या आसपासच्या तालुक्यांना 11 डिसेंबर 1967 ची आठवण करून द्यायला नको. भूकंपानंतर ज्यांनी बाहेर पडायचे त्यांचीच गाडी ढिगाऱ्याखाली सापडू नये, म्हणून भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस 1893 मध्ये, अग्निशमन केंद्राची गणना महत्त्वाच्या इमारतींत होते. तिचा महत्त्व-गुणांक 1.5 आहे. म्हणजे साध्या घरापेक्षा दीडपट भूकंपबल धरून संरचनेचे गणित करायचे. आराखडा तपासायला येतो तेव्हा संरचना अभियंत्याला हा एक आकडा जरूर विचारावा. इथली नेहमीची चूक म्हणजे खाली गाडीखाना आणि वर विश्रांतीच्या खोल्या. पुढे दोन मोठी दारे, मागे दोन, म्हणजे तळमजल्याला त्या दिशेने भिंतच उरत नाही आणि वर मात्र भिंतींचे वजन. भूकंपात असा मजला आडवा सरकतो. गावात जागेची टंचाई शहरासारखी नसते, तेव्हा सगळे एकमजलीच करावे. जिन्यावरून धावताना पाय मुरगळायचे टळते ते वेगळेच.

पाण्याचा भाग आराखड्यात सर्वांत दुबळा राहतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. 4,500 लिटर हा आकडा मोठा वाटतो. चार बार दाबाला 16 मिलिमीटर तोंडाच्या एका ब्रांचमधून, म्हणजे पाण्याच्या नळीच्या टोकाला लावायच्या तोटीतून, मिनिटाला सुमारे 340 लिटर पाणी जाते. दोन ब्रांच लावल्या की साडेसहा मिनिटांत बंब रिकामा. 12 मिलिमीटरची एकच ब्रांच वापरली तर मिनिटाला 190 लिटर जातात आणि बंब 23 मिनिटे पुरतो, पण पेटलेल्या बेदाणा शेडपुढे तेवढ्या पाण्याने काही होत नाही. तेव्हा बंब दुसऱ्यांदा किती लवकर भरतो, यावर गावचे नुकसान ठरते.

केंद्राच्या आवारात 20,000 लिटरची उंच टाकी असावी, म्हणजे सलग चार वेळा बंब भरता येतो. टाकीचा तळ जमिनीपासून सहा मीटर उंच हवा, कारण बंबाचे वरचे झाकणच तीन मीटरवर असते. त्या टाकीतून 100 मिलिमीटरचा नळ खाली आणून बंब उभा राहतो तिथे झाकणातून सोडता येईल असा लवचिक होज लावला, तर बंब तीन-साडेतीन मिनिटांत भरतो. तोच नळ 50 मिलिमीटरचा टाकला तर चौदा-पंधरा मिनिटे लागतात, आणि बागेला पाणी घालायची एक इंची नळी असेल तर सव्वा तासाहून जास्त. दोन्ही नळांच्या किमतीतला फरक इमारतीवरच्या नावाच्या फलकाच्या खर्चाएवढाही नसेल. तरीही बारीक नळ पडतो, कारण घराच्या नळकामाच्या सवयीने अंदाजपत्रक तयार होते. उंच टाकीखाली 50,000 लिटरची जमिनीतली टाकी आणि विहीर किंवा बोअर हवे. पंप विजेचा असला तरी जोडीला डिझेलचा हवाच.

वीज हा मुद्दा खेड्यात दुहेरी आहे. उसाच्या फडातल्या पुष्कळ आगी लोंबकळणाऱ्या तारांच्या घर्षणातून किंवा डीपीवरच्या ठिणगीतून लागतात. आग लागली की महावितरण तो फीडर, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनी, बंद करते आणि ते योग्यच आहे. पण त्याच फीडरवर आसपासच्या सगळ्या विहिरींच्या मोटारी असतात. म्हणजे ज्या क्षणी पाणी सर्वांत जास्त हवे, त्याच क्षणी शिवारातली प्रत्येक मोटार बंद पडते. शेतीची वीज आठ तासांच्या पाळीने येते, हे त्यात आणखी. म्हणून पाण्याची ठिकाणे ठरवताना विजेशिवाय मिळणारे पाणी आणि विजेवर मिळणारे पाणी अशा दोन याद्या कराव्यात आणि भिस्त पहिलीवर ठेवावी.

विजेशिवाय मिळणारे पाणी प्रत्येक गावात आहे, ते म्हणजे पाणीपुरवठ्याची उंच टाकी. तिच्या खाली येणाऱ्या नळावर 100 मिलिमीटरचा व्हॉल्व्ह आणि 63 मिलिमीटरचे अग्निशमन कपलिंग (नळी जोडायचा सांधा) बसवले की ती टाकी बंब भरण्याचे ठिकाण होते. काम एका दिवसाचे आहे. केंद्राच्या दहा किलोमीटरच्या टापूतल्या सगळ्या टाक्यांना ही जोडणी द्यावी आणि तिचा खर्च केंद्राच्याच अंदाजपत्रकात धरावा. व्हॉल्व्हला कुलूप लावले तर किल्ली पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या घरी आणि बंबावरही असावी.

विहिरीतून पाणी ओढण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. बंबाचा पंप पाणी वर खेचत नाही. नळीतली हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि समुद्रसपाटीला तो सिद्धांतातसुद्धा 10.3 मीटरच ढकलू शकतो. आपण साडेपाचशे ते सातशे मीटर उंचीवर आहोत, नळीत घर्षण आहे, सांधे थोडी हवा घेतात. हे सगळे वजा जाता सहा-साडेसहा मीटर, म्हणजे 20 फूट ही व्यवहारातली मर्यादा धरावी. महाबळेश्वर-पाचगणीला त्याहून कमी. उन्हाळ्यात जत, आटपाडी, माण, खटावकडच्या विहिरींचे पाणी 40-50 फुटांवर जाते. तिथे कितीही भारी बंब आणला तरी सक्शनला, म्हणजे पाणी ओढायच्या नळीला, पाणी लागणार नाही. अशा गावांसाठी डिझेल इंजिनाचा पंप किंवा पाण्यात सोडायचा टर्बाइन पंप केंद्रात हवा, नाहीतर त्या विहिरी यादीतून सरळ काढाव्यात. प्रत्येक विहिरीची एप्रिल-मेमधली पातळी मोजून नकाशावर लिहावी. पावसाळ्यातली पातळी दाखवणारा नकाशा फसवतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळचे कालवेही असेच. आवर्तन सुरू असेल तेव्हा पाणी, एरवी कोरडे पात्र.

दुष्काळी पट्ट्यात आता शेततळी पुष्कळ झाली आहेत आणि तो चांगला साठा आहे. पण तळ्याला प्लास्टिकचा कागद असतो. सक्शनची लोखंडी जाळी त्यावर आपटली की कागद फाटतो आणि शेतकऱ्याचे वर्षाचे पाणी जमिनीत जाते. मग पुढच्या वेळी कुणी तळे वापरू देत नाही. तरंगती जाळी वापरावी. ती गाळही ओढत नाही. तळ्याची कड निसरडी असते, म्हणून तिथे दोराची शिडी आणि फेकायची रिंग घेतल्याशिवाय कुणीही उतरू नये.

गावातल्या ट्रॅक्टर-टँकरांचे पाणी बंबाला मिळत नाही, याचे कारण बहुतेक वेळा सांधा जुळत नाही एवढेच असते. टँकरला अडीच इंची आट्यांचा नळ, बंबाला 63 मिलिमीटरचे झटपट कपलिंग. दोन्ही जोडणारे अॅडॉप्टर लेथवर करून मिळतात. प्रत्येक गाडीवर चार आणि प्रत्येक टँकरवाल्याकडे एक द्यावे. त्याशिवाय आठ-दहा हजार लिटरचा ताडपत्रीचा घडीचा हौद केंद्रात असावा. टँकर त्यात ओतून परत जातो, बंब त्यातून सलग ओढत राहतो आणि कुणाला कुणासाठी थांबावे लागत नाही. तासगाव, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागांवर औषध फवारायचे ब्लोअर घरोघरी आहेत. त्यांचे पाणी मिनिटाला थोडेच, पण दाब भरपूर. फडाच्या कडेची आग आणि उडालेल्या ठिणग्या विझवायला ते उत्तम. पेटलेल्या फडाच्या मध्यात पाणी मारून काही हाती लागत नाही. वारा बघून पुढच्या बाजूला पट्टा तोडायचा आणि त्या पट्ट्यावर पाणी धरायचे, हे काम ब्लोअर आणि लहान गाडी मिळून करतात.

गाडी उभी असताना तिला काय लागते, हे आराखड्यात फारसे कुणी दाखवत नाही. मोठ्या बंबाचे ब्रेक हवेवर चालतात. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतली हवा हळूहळू गळते, आणि दाब पुरेसा नसला तर ब्रेक सुटतच नाही. इंजिन चालू करून दाब भरेपर्यंत तीन-चार मिनिटे जवान गाडीत बसून राहतात. बॅटरीचेही तेच. म्हणून प्रत्येक खणात चालकाच्या बाजूला छतावरून येणारी हवेची नळी आणि 24 व्होल्टच्या चार्जरची वायर हवी. दोन्ही अशा की गाडी पुढे सरकताच आपोआप सुटाव्यात. त्यासाठी एक लहान कॉम्प्रेसर पुरतो. तीन-चार मिनिटे म्हणजे अडीच किलोमीटरचा रस्ता, आणि तो एका नळीने वाचतो.

जवानांची खोली गाडीखान्याला लागून, सरळ दाराने जोडलेली हवी, पण मधले दार घट्ट बंद होणारे. डिझेलचा धूर झोपायच्या खोलीत येऊ नये. अंगावर घालायचे अग्निरोधक पोशाख ना गाडीखान्यात टांगावेत ना झोपायच्या खोलीत. त्यांना स्वतंत्र, हवेशीर, ऊन न येणारी खोली द्यावी. द्राक्षाच्या गोदामातली आग विझवून आलेल्या पोशाखावर गंधक आणि कीटकनाशकांची काजळी असते. ती धुण्यासाठी बाहेरच्या बाजूने थेट जाता येईल अशी मोरी हवी. स्वयंपाकघराच्या दाराशी गॅसचा एक मुख्य कॉक बसवावा, जाता जाता बंद करता येईल असा. महिला जवानांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली पहिल्या दिवसापासून असावी. नंतर वाढवू म्हटलेली खोली वाढत नाही.

होज वाळवण्याची सोय मात्र विसरू नये. 15 मीटरचा होज मधोमध टांगायला नऊ मीटर उंचीचा मनोरा लागतो आणि तोच मनोरा शिडीच्या सरावालाही चालतो. पैसे नसतील तर कुंपणाच्या भिंतीलगत 16 मीटर लांबीची, पत्रा घातलेली उतरती मांडणी करावी. तापलेल्या काँक्रीटवर उन्हात पसरलेला होज आतल्या रबराला चिरा पडून ऐन वेळी फुटतो आणि ओला गुंडाळलेला कुजतो. पाटण-जावळीच्या पावसात या मांडणीला आडोसा आणि पंखा लागेल.

साहित्य त्या टापूत काय पेटते ते बघून घ्यावे. शीतगृहांच्या पट्ट्यात अमोनियाच्या गळतीसाठी श्वसनयंत्रे निदान चार हवीत आणि तेवढीच जादा सिलिंडर. सहा लिटरचे 300 बारचे सिलिंडर म्हणजे 1,800 लिटर हवा. हिशेबाने ती 45 मिनिटे पुरते, जड कामात अर्धा तासच धरावा. गंधकाच्या पोत्यांवर पाण्याचा सरळ फवारा मारू नये, भुकटी उडून भडका उडतो. तिथे धुक्यासारखा बारीक फवारा देणारी ब्रांच लागते. महामार्गालगतच्या केंद्रात फोम आणि पत्रा कापायची हायड्रॉलिक यंत्रे हवीत. डोंगरपट्ट्यात वणव्यासाठी झोडपणी, कोयते, पाठीवरचे पंप.

माणसांचा हिशेब न करता इमारत बांधणे हा आमच्या मते सर्वांत मोठा दोष. एका बंबावर चालक-यंत्रचालक, प्रमुख आणि चार जवान असे सहा जण लागतात. तीन पाळ्या म्हणजे 18, आणि साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण धरून 22 ते 24. इतका पगार एका ग्रामपंचायतीला किंवा लहान नगरपंचायतीला पेलत नाही. मग दिवसा दोन माणसे आणि रात्री एक पहारेकरी अशी अवस्था येते आणि नवा बंब कुलपात राहतो. त्यापेक्षा आधीच ठरवावे की प्रत्येक पाळीला दोन पूर्णवेळ प्रशिक्षित माणसे, चालक-यंत्रचालक आणि प्रमुख, म्हणजे रजा धरून आठ. बाकीचे चार जण केंद्रापासून पाच मिनिटांच्या आत राहणारे किंवा काम करणारे प्रशिक्षित स्वयंसेवक. आपदा मित्र (आपत्तीत मदतीसाठी सरकारने तयार केलेले स्वयंसेवक), होमगार्ड, तालमीतली मुले यांतून तीसेक जणांची यादी केली तर कोणत्याही वेळी चार-पाच हाताशी येतात. त्यांना विमा, पोशाख, प्रत्येक वर्दीचे, म्हणजे आगीच्या बोलावण्याचे, मानधन आणि महिन्यातून दोन सराव दिल्याशिवाय ही यादी कागदावरच राहील. त्यांना बोलवायला फोन आणि एका फोनवर गावभर निरोप देणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा आहेच, जोडीला छतावर हाताने फिरवायचा भोंगा ठेवावा. आठ-दहा गावांनी मिळून वर्गणीचा करार करावा आणि आसपासच्या साखर कारखान्यांशी त्यांचा बंब, पाणी आणि सिलिंडर भरण्याची सोय यांबद्दल लेखी समझोता हंगामापूर्वी करावा.

इमारत ताब्यात घेण्यापूर्वी आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल देण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. बंब भरून बारा तास उभा ठेवावा. रात्री दोन वाजता, कुणालाही आधी न सांगता, केंद्राची मुख्य वीज बंद करावी आणि आठ किलोमीटरवरच्या एखाद्या वस्तीचे नाव सांगून वर्दी द्यावी. दिवसा दीड आणि रात्री दोन मिनिटांत गाडी दाराबाहेर आली पाहिजे. वस्तीवर जाऊन दोन ब्रांच सुरू करून बंब रिकामा करावा, जवळच्या गावटाकीवर तो भरावा, परत रिकामा करावा, केंद्रात आणून उंच टाकीखाली तिसऱ्यांदा भरावा आणि प्रत्येक टप्प्याची वेळ कागदावर लिहावी. दार अडले, ब्रेक सुटला नाही, कपलिंग जुळले नाही किंवा बंब भरायला पाच मिनिटांहून जास्त लागली, तर तेवढे दुरुस्त होईपर्यंत बिल थांबवावे. ही अट निविदेतच लिहिलेली असावी.

आपले,
अग्निशमन आणि स्थापत्य क्षेत्रांत काम करणारे काही वाचक
सांगली